काकांच्या डेव्हलपरचं पाणी

वसईत विहिरी किती, हे सरकारलाही ठाऊक नसेल; पण त्यांतल्या कुठल्या विहिरीच्या पाण्यात फोटो चांगला धुतला जाईल, हे आमच्या धाकट्या काकांना तोंडपाठ होतं. केळी पिकवायच्या खोलीत त्यांनी डार्करूम थाटली होती. घर राजोडीला, समुद्राला लागून. आमच्या खाऱ्या पाण्यात फोटो धुवायची डेव्हलपरची पूड कालवली की तळाशी गाळ बसे, आणि निगेटिव्ह सुकली की तिच्यावर पांढरे डाग. म्हणून काका बारशाला जावोत की तेराव्याला, आधी पाणी मागायचे, पेला उजेडात धरायचे, एकच घोट जिभेवर घोळवायचे आणि विचारायचे, "विहीर कुठली?"

मला मुलगी बघायला वटारला गेलो, तेव्हाही तेच. पोहे आले, मुलगी आली, मी एकदाच वर बघितलं आणि मनातल्या मनात लग्न लावून मोकळा झालो. तेवढ्यात काकांनी पेला माझ्या हातात कोंबला. "तू चाख रे, माझी जीभ पोह्यांनी बिघडली." मी घोट घेऊन डोळे मिटले. नेमकं तेव्हाच मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, कशी वाटली आमची मुलगी?"

"किंचित मचूळ," मी म्हणालो.

आईनं पदर तोंडाला लावला. मुलीचे वडील बशा आवरायला लागले. माझी अर्धी भरलेली होती, तीही उचलली. काका तेवढे "मला वाटलंच!" म्हणून मान डोलवत होते. मी घाबरून "पाणी, पाणी" करत राहिलो, तर कुणीतरी आणखी एक पेला आणून दिला.

शेवटी मुलगीच फसकन हसली. "बाबा, ते पाण्याला म्हणतायत! दारातली विहीर मचूळच आहे ना आपली? थांबा, मागच्या वाडीतलं आणते."

तिनं कळशी आणली. काकांनी घोट घेतला. "मुलगी पसंत!" माझं मत पुन्हा कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

पुढे दर रविवारी सासुरवाडीहून सायकलला कॅन अडकवून पाणी आणायचं, एवढाच काय तो जावयाचा मान मला मिळाला.

काकांनी अंथरूण धरलं, तोवर वाडीतली ती विहीरही खारी झाली होती. हे त्यांना सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता. एके दिवशी म्हणाले, "सूनबाई, तुझ्या माहेरचं पाणी दे गं." ती आत गेली आणि माठातलं, नळाचं पाणी घेऊन आली. काकांनी सवयीनं पेला उजेडात धरला, घोट जिभेवर घोळवला, तिच्याकडे बघितलं. मग कधी नव्हे ते सगळा पेला रिकामा केला.

विहीर कुठली, हे मात्र विचारलं नाही.