वासावरची एकोणीस वर्षं

मेरीलँडमधल्या आमच्या गावच्या जुन्या सराईचं संग्रहालय झालं, तेव्हापासून तिकीटखिडकीवर मी बसते आणि आत चुलीपाशी डॉर्कस प्रुइट. दर शनिवारी डोक्याला जुन्या काळची टोपी बांधून ती भिंतीतल्या भल्याथोरल्या चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटत ठेवायची. जायफळ किसता किसता पाहुण्यांना सांगायची, की घोड्यांच्या टपालगाडीने येणाऱ्या प्रवाशांना सराईवाला शिळं मांस कसं खपवायचा अन् वर दारू पाजून गप्प कसं बसवायचा. लोक खो खो हसायचे.

पण चाखायला मात्र बंदी! चुलीवरचं अन्न पाहुण्यांना द्यायचं नाही, हा आरोग्य खात्याचा नियम. चार वाजता दार लावलं की तो रस्सा आम्ही नोकर आणि स्वयंसेवक ओरपायचो. आम्ही फुकटे, आम्ही रश्श्याला कसली नावं ठेवतोय? पाहुणे म्हणायचे, "काय वास सुटलाय!" डॉर्कस फणकारायची, "वासाने कुणाचं पोट भरलंय का?"

एकोणीस वर्षांनी तिचे गुडघे बोलायला लागले आणि तिने काम सोडायचं ठरवलं. शेवटच्या शनिवारच्या आधी ती आमच्या संचालिकेकडे, मेरेडिथ हॉककडे गेली.

"एका तरी पाहुण्याला चाखू दे गं."

"नियम तो नियम, डॉर्कस," मेरेडिथ मान वर न करता म्हणाली.

डॉर्कस तोंड फुगवून परत आली. मला मेरेडिथचा असा राग आला, की दोन दिवस मी तिच्याशी बोललेच नाही.

शनिवारी सकाळी मेरेडिथने कागदांचा गठ्ठा माझ्या खिडकीत आपटला. "तिकीट मागेल त्याच्याकडून हा भरून घे."

स्वयंसेवकाचे फॉर्म! काम : भांडी रिकामी करणे. मुदत : आजचा दिवस.

"अगं लबाडे!" मी ओरडलेच.

"खाली सही घ्यायला विसरू नकोस," एवढंच म्हणून ती गेली.

दुपारी बेचाळीस स्वयंसेवक वाडगे घेऊन चुलीपुढे रांगेत उभे. डॉर्कसला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिने डाव रश्शात बुडवला. पहिला वाडगा ऑर्विल स्टंप नावाच्या डुकरं पाळणाऱ्या म्हाताऱ्याला मिळाला. त्याने घोट घेतला, मिशा पुसल्या.

"मीठ कमी आहे, बाई."

त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. डॉर्कस टोपीच्या टोकाने डोळे पुसत हसायला लागली.

"हे कुणीतरी सांगेल म्हणून एकोणीस वर्षं थांबलेय रे बाबा!"

आणि तिने मिठाचं मडकं उचललं.