सांगून मिळवलेलं काम

महानंदा खोत बेळगावच्या तुरुंगातून सुटली, तेव्हा तिला न्यायला एकटा थोरला भाऊ आला होता, अप्पासाहेब. त्यानं तिला निपाणीला नेलंच नाही. बसस्टँडवर दोघांनी चहा घेतला आणि त्यानं थेट बेंगळुरूची गाडी धरली. तो व्हाइटफील्डच्या पलीकडे काडुगोडीत एका टेलरकडे कटर होता. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बायको, दोन मुली.

गाडीत खिडकीकडं बघत तो म्हणाला, "तिकडं तुला कोण ओळखत न्हाई. सासर सुटलं म्हणून आली, एवढंच सांगायचं. पुढचं बोलायचं न्हाई."

"आणि कुणी इचारलं तर?"

"कशाला इचारतील?"

झालं होतं ते असं. निपाणीत गल्लीला मिळून एक नळ होता. उन्हाळ्यात नळावर भांडणं व्हायची, तशी महानंदाची आणि शेजारच्या गिरिजाचीही व्हायची. एका सकाळी शब्दानं शब्द वाढला आणि महानंदानं हातातली भरलेली घागर तिच्या अंगावर फेकली. गिरिजा नळाच्या पायऱ्यांवरून खाली गेली ती पुन्हा उठली नाही. कोर्टानं मान्य केलं की जीव घ्यायचा हेतू नव्हता. पण जीव गेला होता. सात वर्षांची सजा झाली. नवऱ्यानं पहिल्याच वर्षी सोडचिठ्ठीचे कागद पाठवले.

तुरुंगात कुणी समजूत घालायला लागलं, "पाण्यापायी झालं गं, तुझा काय दोष," की महानंदा मध्येच तोडायची. म्हणायची, "गिरिजाला दोन लेकरं होती." एवढंच.

बेंगळुरूत आल्यावर चार दिवसांतच ती काम शोधायला बाहेर पडली. भावजय चांगली होती, पण दोन खोल्यांत पाच माणसं म्हणजे किती दिवस चालणार? व्हाइटफील्डला मोठमोठ्या इमारतींच्या मागच्या गल्ल्यांत माणसं पुरवणाऱ्या एजन्सींच्या पाट्याच पाट्या होत्या. झाडलोट, पँट्री, सिक्युरिटी, आया. पहिल्या ठिकाणी टेबलामागच्या पोरानं हिंदीत विचारलं, "आधी कुठं काम केलंय?"

"जेलमधी. सैपाकघरात, सात वर्सं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कळवतो," म्हणाला. नंबरसुद्धा लिहून घेतला नाही.

दुसरीकडं तेच, तिसरीकडं तेच. सगळ्यांचं उत्तर एकाच साच्यातलं. आमचं काही नाही हो अक्का, क्लायंटला चालत नाही. हा क्लायंट कोण, कुठं राहतो, दिसतो कसा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. महानंदाला वाटायचं, एकदा तो भेटला पाहिजे.

शेवटी भाऊ वैतागला. "मी काय सांगितलं होतं? सासूच्या आजारपणात गावी होते, असं सांग की! कोण बघाय जातंय?"

पुढच्या एजन्सीत तिनं तसं सांगितलं, आणि आठवड्याच्या आत बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत पँट्रीचं, चहा-कॉफी द्यायचं काम मिळालं. निळा कोट, गळ्यात कार्ड. ऑफिसातली पोरं-पोरी येता-जाता "थँक्यू अक्का" म्हणायची. सोबत कावेरी नावाची बाई होती, विजापूरकडची. दोघी आपापल्या डब्यातली भाकरी वाटून खायच्या. कावेरी आपल्या सासूचे किस्से सांगायची आणि मग विचारायची, "तुझी सासू कशी गं? एवढी सेवा केलीस, काही बोलली का जाताना?" महानंदा भाकरीचा तुकडा मोडत राहायची. सासू निपाणीत ठणठणीत होती.

तिसऱ्या महिन्यात पोलिस पडताळणीचा रिपोर्ट आला. महानंदाला खाली बोलावलं, कार्ड काढून घेतलं आणि गेटपर्यंत सोडायला गार्ड दिला. त्याचं तिला फार लागलं नाही. पण कावेरी तिची पिशवी घेऊन खाली धावत आली आणि पिशवी हातात देताना म्हणाली, "खोटं कशाला सांगितलंस? मला तरी खरं सांगायचंस."

त्या दिवशी बस सोडून ती चालतच निघाली. रिंग रोडला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. ती त्यांच्या बाजूनं चालत होती आणि मनाशी बोलत होती. हातून पाप झालं, त्याची सजा भोगून आले. पण हे खोटं? हे नव्यानं केलं. ह्याचा दोष ना नळाला देता येत, ना रागाला. घरी पोचली ती भावाला म्हणाली, "दादा, मी आता खरंच सांगणार. काम मिळू दे न्हाईतर न मिळू दे."

अप्पासाहेब कापडावर खडूनं रेघ ओढत होता. त्यानं मान वर केली नाही. "मग बस घरात," म्हणाला.

ती घरात बसली नाही. पुढचे काही महिने तिनं मिळेल ते केलं. लग्नातली भांडी, बांधकामावर विटा, एका मेसमध्ये चपात्या. मेसवाल्यानं एका एजंटशी गाठ घालून दिली. एजंट मोठा गोडबोल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "एवढंच ना? माझ्याकडं एका बाईचं आधार कार्ड आहे. गेली ती गावाला, परत यायची नाही. चेहराही तुझ्यासारखाच. उद्यापासून तू ती. चांगली सोसायटी आहे, राहायची सोय आहे."

"म्हंजे माझं नाव?"

"नावात काय ठेवलंय?"

महानंदा उठून उभी राहिली. "साहेब, महानंदा हे नाव कोर्टात पुकारलं तवा मी पुढं होऊन उभी राहिले. सजा त्याच नावावर भोगली, एक दिवस कमी न्हाई. आता पगार दुसरीच्या नावावर घेऊ? मग भोगलं ते कुणी?"

एजंट म्हणाला, "असल्या अकडीनं पोट भरत नाही."

"न्हाई भरत. पण मान वर ऱ्हाते," असं म्हणून ती बाहेर पडली. मेसचं कामही आता जाणार हे तिला पायऱ्या उतरतानाच कळत होतं. तसंच झालं.

मल्लेश्वरमच्या भगवंतरावांचं नाव तिला विटांच्या कामावरच्या एका बाईनं सांगितलं. भगवंतराव साठी उलटलेले. त्यांचे आजोबा कधीकाळी साताऱ्याकडून आले, ते इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण त्यात निम्मं कन्नड. देवळामागं त्यांची एका खोलीची एजन्सी होती. मंगल कार्यालयांना वाढपी, हॉस्पिटलांना धुलाईची माणसं, असला त्यांचा धंदा.

"स्वल्प बस तंगी, पाणी पी," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ते म्हणाले. महानंदा बसली नाही. आधी सगळं सांगितलं, मग बसली.

"कुणाला मारलंस?"

"शेजारणीला. गिरिजा नाव. दोन लेकरं होती तिला."

"राग येतो अजून?"

महानंदानं विचार केला. "येतो. आला की हातात जे असंल ते आधी खाली ठेवतो." निपाणीकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही 'येतो, करतो, ठेवतो' असंच बोलायची. इथल्या पोरांना त्याचं हसू यायचं. भगवंतराव हसले नाहीत.

"सरी, ठीक आहे. पण एक सांगतो. मी क्लायंटपासून लपवणार नाही. धंदा जाईल माझा."

"मलाबी लपवायचं न्हाई."

त्यांनी तिच्यासमोरच फोन लावले. सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं, पण तिला सगळं कळत होतं. पहिल्यानं ऐकून फोन ठेवला. दुसरा जरा चढ्या आवाजात बोलला, तसे भगवंतरावही चढ्या आवाजात बोलले. महानंदा उठायला लागली. "बस गं," ते म्हणाले, "अजून दोघं आहेत." तिसरा फोन एका खासगी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीचे मॅनेजर महांतेश यांना होता. त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, पाठवा. महिनाभर बघतो.

लॉन्ड्री तळघरात होती. चादरी, ऑपरेशनचे हिरवे कपडे, पेशंटांचे गाऊन, दिवसभर गाड्या भरभरून यायच्या. यंत्रांची धग, औषधांचा उग्र वास. बायका टिकत नसत. महांतेशनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं की ही महानंदा, ही जेलमधून आली आहे, हे तिनंच सांगितलंय. दुपारी महानंदा डबा घेऊन बसली, तशी गंगव्वा नावाची जुनी बाई आपला डबा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या.

ती एकटी जेवायची. मेजावर कात्री असली की बायका ती उचलून ठेवायच्या, हेही तिला दिसायचं. तिनं ना रुसवा धरला, ना कुणाच्या पुढंपुढं केलं. काम करत राहिली. महिना सरला, महांतेशनी तिला काढलं नाही. वर्ष गेलं.

गंगव्वाचा हात एकदा प्रेसच्या यंत्रात भाजला, तेव्हा बाकीच्या ओरडत राहिल्या आणि महानंदानं धावत जाऊन बटण बंद केलं. तिला धरून वर इमर्जन्सीत घेऊन गेली. पट्टी बांधेपर्यंत गंगव्वा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. दुसऱ्या दिवशी गंगव्वा डाव्या हातानं डबा उघडत महानंदाच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "कसली भाजी आणलीस?"

मग एके दिवशी कळलं की हॉस्पिटलनं भगवंतरावांचं कंत्राट संपवून ते एका बड्या एजन्सीला दिलंय. माणसं तीच राहणार, फक्त पगार नव्यांकडून. नव्या एजन्सीचा अद्वैत नावाचा पोरगा टॅब घेऊन आला. पुण्याचा, नम्र, घाईत असलेला. एकेकीचा फोटो, अंगठा घेत चालला होता. महानंदाची पाळी आली, तिनं आपलं सगळं सांगितलं. तो अवघडला. तिचं मराठी ऐकून तोही मराठीवर आला.

"ताई, आमच्या पॉलिसीत बसत नाही हे. खरंच सॉरी. माझ्या हातात असतं तर..."

"मग कुणाच्या हातात हाय त्येला फोन लाव, बाळा. माझ्यासमोर लाव. मी बोलतो."

'चालत नाही' म्हणणारा तो क्लायंट तिला कधी भेटला नव्हता, आता ही पॉलिसी भेटली होती. अद्वैतनं टॅबकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. तेवढ्यात रांगेतून गंगव्वा पुढं आली आणि कन्नडमध्ये म्हणाली की महानंदाचं होत नसेल तर माझा काढलेला फोटोही पुसून टाक. तिच्या मागच्या दोघी रांगेतून बाजूला झाल्या. मग सगळ्याच.

महानंदा घाबरली. "अगं, वेड्या का काय तुम्ही? पोरंबाळं हायेत तुम्हाला. द्या अंगठे!" ती एकीला हाताला धरून पुढं ढकलायला लागली. कुणी हललं नाही. यंत्रं बंद होती, आणि तळघर इतकं शांत तिनं कधी अनुभवलं नव्हतं. सजा ऐकतानासुद्धा ती ताठ उभी होती, पण तेव्हा एकटी होती.

गडबड ऐकून महांतेश आले. त्यांनी अद्वैतला वरिष्ठांना फोन लावायला सांगितला, तो हातात घेतला आणि पलीकडच्या साहेबाला सरळ विचारलं, "तुम्ही पाठवाल त्या माणसांची मला तुमच्या रिपोर्टवरून माहिती होणार. हिची मला हिच्या तोंडून, पहिल्या दिवशी झाली. जास्त भरवसा कुणाचा धरू?" पलीकडून काय उत्तर आलं ते कुणाला ऐकू आलं नाही. पण दुपारनंतर अद्वैत परत आला. "ताई, अंगठा द्या," म्हणाला, आणि स्वतःच मोठ्यानं हसला.

आज महानंदा त्या लॉन्ड्रीत सकाळच्या पाळीची सुपरवायझर आहे. काडुगोडीतच भावाच्या घराजवळ तिनं वेगळी खोली घेतली आहे. अप्पासाहेबानं तिचा नवा गणवेश स्वतः बेतून शिवला. तिनं अंगात घातल्यावर खांद्याची शिवण दोनदा ओढून बघितली आणि म्हणाला, "बरोबर बसलाय." दुकानातल्या मालकानं कौतुकानं विचारलं, "बहीण हॉस्पिटलात असते वाटतं?" तर त्यानं तिची सगळी हकीकत सांगितली, घागरीपासून.

सगळीकडंच असं झालं असंही नाही. खरं सांगितलं की अजून कधीकधी नकार येतो. मागच्या वर्षी भाड्याची खोली बघताना दोन घरमालकांनी दार लावून घेतलं. तिसऱ्यानं लावलं नाही.

गेल्या आठवड्यात महांतेशनी तिला केबिनमध्ये बोलावलं. रात्रपाळीला दोन बायका कमी होत्या.

"कुणी आहे का ओळखीचं? मेहनती पाहिजे."

"एक हाय," महानंदा म्हणाली. "परप्पन अग्रहाराच्या जेलातून सुटून महिना झाला."

महांतेशनी चष्मा काढला. "कशासाठी होती?"

"ते तीच सांगंल. उद्या घेऊन येतो तिला."