दाजींचं दुसरं वाक्य

दाजींची आणि माझी ओळख झाली ती माझा पाणउतारा होऊन. बांद्याहून मालवणच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी नुकती आले होते. पेटीच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, त्यामुळे मान जरा ताठच होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पेटी वाजवली, टाळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेतले धोतर नेसलेले एक गृहस्थ उठून माझ्यापाशी आले. "हात बरो आसा गो तुझो," ते म्हणाले. मी खुलले. मग त्यांनी तितक्याच शांतपणे दुसरं वाक्य उच्चारलं, "पण माका आयकाक मजा येवक नाय."

त्या रात्री मी घरभर तणतणले. पुढच्याच आठवड्यात मात्र त्यांच्या ओटीवर शिकायला जाऊन बसले, कारण तोपर्यंत मला खरं कोणी सांगितलंच नव्हतं.

आज दाजींची पंचाहत्तरी साजरी होत आहे. आमच्या गावच्या सप्ताहात पालखी देवळाबाहेर निघण्याआधी तासभर भजन होतं. त्या भजनाची पेटी दाजींकडे, त्याआधी त्यांच्या वडिलांकडे. एकच अभंग, संथ लयीत, घाई कसलीच नाही. गाणाऱ्या बुवांचा श्वास संपत आला की दाजींचा सूर त्यांना अलगद सावरून धरतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मला मूल झालं तेव्हा माझं शिकणं सुटू नये म्हणून दाजी स्वतः एसटीने तारकर्लीला, आमच्या तेव्हाच्या घरी येत. बाळ रडलं तर म्हणत, "रडांदे गो, सुरात रडता."

वाजवणाऱ्या माणसांची एक रीत असते, ती न वाजवणाऱ्यांना समजावून सांगावी लागते. आम्ही दुसऱ्याचं वाजवणं कानांनी ऐकतो आणि डोळ्यांनी तपासतो. न आवडणाऱ्या संगीतातही एखादी अवघड जागा सफाईने निघाली की तोंडातून "वा!" जातंच. ती दाद हाताला असते. त्या दादेचा अर्थ "हे मला रोज ऐकवा" असा होत नाही. दाजी तर ही दोन खाती कधी मिसळू देत नाहीत. म्हणून त्यांच्या अभिप्रायात नेहमी दोन वाक्यं असतात आणि दोन्ही ऐकायची असतात.

आता प्रसादविषयी. प्रसाद आमच्याच गावचा, मच्छीमारी करणारा, आणि कीबोर्ड असा वाजवतो की बघत राहावं. सोबत ऑक्टोपॅड, कपाटाएवढे स्पीकर आणि सिनेमाच्या चाली. दाजींना ते सहन होत नाही. पण बोटीवर दोरात अडकून प्रसादचा हात सोलवटला, तेव्हा त्याला ओरोसला इस्पितळात घेऊन गेले ते दाजीच. "असो हात वाया जावक नको," एवढंच ते वाटभर बोलत होते. हात बरा होईपर्यंत त्यांनी त्याची विचारपूस सोडली नाही. प्रसादही लबाड नाही. त्याने दाजींना तोंडावर सांगून टाकलं आहे, "दाजीनू, तुमचो हात म्हणजे हातच. पण तुमचा भजन आयकताना माका झोप येता." दाजी यावर खो खो हसले होते. एकमेकांचं संगीत न आवडणाऱ्या या दोघांत जितका आदर आहे, तितका मी एकमेकांच्या गळ्यात गळे घालणाऱ्यांत पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या आदल्या दिवशी प्रसादचा कार्यक्रम झाला. एका वेगवान जागेवर दाजी जोरात म्हणाले, "बोटां बघा त्याची! ह्या माका जन्मात जमाचा नाय!" कार्यक्रम संपल्यावर सप्ताह समितीच्या अध्यक्षांना ते दुसरं वाक्यही म्हणाले, "पण माका आवडूक नाय हां." मी शेजारीच उभी होते. दुसऱ्या दिवशी लाऊडस्पीकरवरून घोषणा झाली, की खुद्द दाजींच्या पसंतीचा कीबोर्ड यंदा पालखीआधी वाजेल!

मी तडक अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, दाजीनीच वाखाणल्यानी, आता तुमचा काय?" माझं डोकंच फिरलं. माणसाचं अर्धं बोलणं उचलायचं आणि त्याच्याच जोरावर त्याला त्याच्या जागेवरून उठवायचं, याला काय म्हणायचं? मी दाजींना विनवलं, की चला, सांगा सगळ्यांसमोर, ती तारीफ तशी नव्हती. दाजी जागचे हलले नाहीत. "हात बरो आसा ता खरा आसा. ता मागे कशाक घेव? दुसरा पण सांगलंय. त्यांका आयकाचा नाय तर मी काय करू?" त्या वर्षी पालखीआधी दाजी खांबाला टेकून बसले होते. हात मांडीवर होते आणि बोटं आपोआप हलत होती. मला ते बघवेना.

आणि आता ही पंचाहत्तरी! याच समितीने कार्यक्रम ठरवला आहे: सत्कार, भाषणं, अल्पोपाहार आणि शेवटी कीबोर्डवादन. सत्कारमूर्तींनी खुर्चीवर बसायचं आहे. तुम्ही वाजवाल का, असं त्यांना कोणीही विचारलेलं नाही. एका पेटीवाल्याचा गौरव त्याला पेटीपासून लांब बसवून करायचा, हे ज्यांना सुचलं त्यांची मला कमाल वाटते. या गौरव अंकाच्या संपादकांनी हा परिच्छेद गाळू नये. गाळला तर मी तो सभेत उभी राहून वाचेन.

हा लेख लिहीत असताना प्रसाद घरी आला होता. म्हणाला, "बाई, मी आवंदा पालखीच्या आधी बसूचंय नाय. पालखी भायर पडली काय मग वाजवतलंय. दाजींचा भजन माका आवडना नाय, पण तो तास त्यांचो आसा." समितीला मात्र अजून दुसरा कोणीतरी कीबोर्डवाला शोधायचा आहे, असं कानावर येतं.

दाजींना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे कुरकुर न करोत, कान असेच तिखट राहोत आणि जिभेवरचं खरं कधी न आटो, एवढं मी कुणकेश्वराकडे मागते. पालखीआधी पेटी दाजींच्या पुढ्यात यावी, हे मात्र मी देवाकडे मागणार नाही. ते समितीच्या हातात आहे.