भरिताच्या पंगतीतून न उठलेला भाऊ

"ताई, हा उठलाच नाही तर पुढचा सिनेमा कशाचा?" प्रकाशभाऊंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आम्ही पारोळ्याजवळच्या एका शेतात होतो. वर्षानुवर्षं डॉक्युमेंटरी केल्यावर माझा हा पहिला कथापट, आणि त्याचा पहिलाच दिवस. प्रकाशभाऊ निर्माते. मूळ धंदा कापसाच्या जिनिंगचा. सिनेमाची गोष्ट अशी: भरीत पार्टीत दोन भाऊ बांधावरून भांडतात. धाकटा भरल्या ताटावरून उठतो आणि गाव सोडतो. तिथून सिनेमा सुरू. आज सीन झाला नाही तर प्रकाशभाऊ पुण्याहून दुसरा दिग्दर्शक आणणार होते. तसं त्यांनी सकाळीच, फार प्रेमाने सांगितलं होतं.

भाऊ झालेले दोघं धुळ्याच्या नाटकांतले नट. पंगत मात्र खऱ्या गावकऱ्यांची, आणि त्यांना मी गोष्टच सांगितली नव्हती. डॉक्युमेंटरीची सवय. तिथे माणसांना काही शिकवायचं नसतं. "नेहमीसारखं वागा" म्हणायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा.

गावकरी नेहमीसारखेच वागले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, ठेचली, ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी वाढल्या. भांडण पेटलं. धाकटा तावातावाने उठला, आणि शेजारी बसलेल्या नानांनी, म्हणजे गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने, त्याचा हात धरला.

"बस खाले. आधी जेव. बांध काय पयी जाई राह्यना शे का?"

बांध कुठे पळून जात नाही, हे मला इतकं पटलं की मी 'कट' म्हणायचं विसरले. दिग्दर्शक कट म्हणेपर्यंत नटाने थांबायचं नसतं. तो बिचारा बसला आणि जेवू लागला.

दुसऱ्या टेकला पुन्हा नाना. तिसऱ्या वेळी तर त्यांनी हात आधीच धरून ठेवला.

मी त्यांच्याजवळ बसले. "नाना, हे भांडण खोटं आहे."

"ते माले बी समजस, ताई. पन पोऱ्या उपाशी उठी जास, आनि मी बाजूले बशीसन खात ऱ्हाऊ? बठ्ठा लोके देखतीन ना."

सगळे लोक बघणार, हे खरंच होतं. आणि नानांना उठवलं असतं तर अख्खी पंगत उठली असती. "लाइट चालला," कॅमेरामन म्हणाला. "भरीत बी चाललं," आचारी म्हणाला. प्रकाशभाऊ बांधावर येरझाऱ्या घालत फोनवर फारच हळू बोलत होते. एवढं हळू ते फक्त पुण्याशी बोलतात.

मी धाकट्याला बाजूला घेतलं. "भांड. नानांनी बसवलं की बस. पोटभर जेव, पण भावाकडे बघू नकोस. हात धू आणि चालू लाग."

तो सावकाश जेवला. थोरल्याचा आवाज आधी चढला, मग अडखळला, मग बंदच पडला. धाकट्याने ताट निपटलं, हात धुतले आणि मागे न बघता निघाला. नानांनी अडवलं नाही. त्याच्या पाठीकडे बघत ते एवढंच म्हणाले, "आते हाऊ परत येवाव नही."

मी या वेळी 'कट' म्हटलं. जरा उशिरानेच.

प्रकाशभाऊंनी तो सीन मॉनिटरवर दोनदा पाहिला. मग फोन लावला. "नाही, नाही, सहज विचारलं होतं तुम्हाला." दिग्दर्शक मीच राहिले.

आता मी पंगतीत भांडण लिहीत नाही, चहावर लिहिते. चहा अर्धा टाकून उठलेलं नानांना चालतं. मी विचारून घेतलं आहे.