वन्स मोअर

आमच्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं आमचं नव्हतंच. परदेशातल्या एका बँडचं संथ इंग्रजी गाणं आम्ही दुप्पट वेगात, घसा फोडून वाजवलं आणि चेन्नईतल्या कॉलेजांनी ते डोक्यावर घेतलं. श्रीपेरुंबुदूरला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्येसुद्धा ते कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर वाजत असायचं. आमची स्वतःची अकरा गाणी होती. त्यांना कुत्रं विचारत नव्हतं.

ती अकराही आमच्या गिटारिस्टने लिहिलेली. तो तंजावरी मराठी, मी सोलापूरहून नोकरीला आलेला गायक. त्याचे अप्पा रेल्वेत गार्ड होते आणि मुलाच्या गिटारला त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली. आता डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याने त्यांच्यावर बारावं गाणं लिहिलं आणि रविवारी दुपारच्या कार्यक्रमाला त्यांना व्हीलचेअरवरून आणलं. आम्हाला वीस मिनिटं मिळाली होती. अप्पांचं गाणं शेवटी ठेवलं होतं.

त्याच्या आधी ते गाजलेलं गाणं वाजवून झालं आणि 'वन्स मोअर'चा गलका उठला. माझे आजोबा संगीत नाटकांत पेटी वाजवायचे. वन्स मोअर नाकारणं म्हणजे मायबाप प्रेक्षकांचा अपमान, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. गिटारिस्ट मान हलवून नको म्हणत होता. मी पाहिलं, तरी सुरू केलं. खरं सांगायचं तर आजोबा निमित्ताला. मला टाळ्या हव्या होत्या. गाणं संपलं तेव्हा वेळही संपली होती. संयोजकांनी माइक बंद केला.

खाली उतरल्यावर अप्पांनी मुलाला विचारलं, "माझ्यावरचं कुठलं रे?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोनदा म्हटलं ते, अप्पा."

"शब्द काही कळले नाहीत," अप्पा म्हणाले. "पण सगळे उठून उभे राहिले की."

पुढच्याच आठवड्यात ते गेले. तेराव्याला मी जेवायला गेलो. फोटोपुढे समई, आणि समईशेजारी त्याच्या आईने मोबाइल ठेवलेला. त्यातून माझा आवाज येत होता. "ह्यांच्यावर लिहिलंय त्याने," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

गाणं संपलं. "परत लाव रे एकदा," ती मुलाला म्हणाली.

तो पंगतीत भात वाढत होता. माझ्या पानाशी थांबून म्हणाला, "लाव तू."

मी उठून लावलं.