अर्धाच पक्का रंग

ती घटना आजही आठवते ती एका लाल टॉवेलामुळे. सत्तरच्या दशकात मी सोलापूरला फौजदार होतो. एका परदेशी रंगकंपनीने शहराबाहेर संशोधनाची प्रयोगशाळा काढली होती. तिचे मॅनेजर एके दुपारी ठाण्यात आले. नव्या लाल रंगाच्या भुकटीचा डबा चोरीला गेला होता.

"पेटंट आहे?" मी विचारले.

"तुमच्याकडे रसायनाला पेटंट कुठे मिळतं?" ते हसून म्हणाले. "लेखी फिर्याद वरिष्ठांना विचारून देतो. तोवर डबा शोधा."

मला राग आला. एवढे ठाऊक होते, तर इथे या म्हणून आम्ही यांना अक्षत द्यायला गेलो होतो का?

आमचा खबऱ्या टांगेवाला होता. तो म्हणाला, "साब, एक रंगारी बेटी की शादी के चादरां रंगा रा. बोलता, कंपनी का पक्का लाल है, मरे तक नै जाता!"

रंगाऱ्याला घरात सापडलेल्या डब्यासकट आणला. डब्याची ओळख पटवायला मॅनेजरही आले. लग्न तोंडावर होते. अटक झाली तर सोयरीक मोडणार, हे रंगाऱ्याला कळत होते आणि मलाही.

"मला कायबी ठावं न्हाय साहेब. चादरी माज्या, रंग बी माजा."

घाम सुटला की माणूस खरे बोलतो, असा माझा अनुभव. म्हणून चौकशीला मी पंखा बंद ठेवत असे, आणि तो तर सोलापूरचा वैशाख. रंगाऱ्याने खांद्यावरच्या लाल टॉवेलाने तोंड पुसले, तसे हवालदार फिस्सकन हसले. गाल, कान, मान, सगळे शेंदूर फासल्यासारखे झाले होते. मी त्याला आरसा दाखवला.

"आयला, ह्यो उतरतोय की!" चोरी लपवायचे तो विसरूनच गेला. "साहेब, डबा मीच उचलला, पर लई फसलो! ह्याच चादरी सोयऱ्याला द्यायच्यात!"

मॅनेजर म्हणाले, "अहो, रंग धरून ठेवणारं रसायन परदेशातच बनतं. इथं अर्धंच काम होतं. नुसता डबा नेऊन कुणी काय करणार?"

"मग लिहू फिर्याद?"

"नको! मुद्देमाल म्हणून डबा सरकारी तपासणीला गेला, तर आहे तेही फुटायचं." डबा उचलून ते निघाले.

मागून रंगारी ओरडला, "साहेब, उरलेलं अर्धं तरी द्या की!"

मी त्याला दम भरून सोडला. त्याने चादरी आपल्या वडिलांच्या रीतीने पुन्हा रंगवल्या. लग्नाला त्याने मलाही बोलावले. तिथे व्याह्याने अंगठ्याला थुंकी लावून चादरीचा कोपरा चोळला. रंगारी श्वास रोखून माझ्याकडे बघत होता. अंगठा कोरा राहिला. "पक्का हाय," व्याही म्हणाला, आणि मलाच हायसे वाटले.

दार उघडे टाकून झोपणारा भोळाच असतो असे नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. त्याची तिजोरी दुसऱ्या गावी असते.

मलाही टॉवेल-टोपीचा आहेर झाला. टॉवेल लाल होता. जेवणानंतर मी हात रुमालालाच पुसले.