बाबांच्या मेंदूचा फोटो

बाबांना महिनाभर चक्कर येत होती, म्हणून त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्ट ऐकायला मी बाबांसोबत डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा बाबांचा मेंदू दिसला.

"काळजीचं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाबा, मशीनमध्ये भीती वाटली का हो?"

"छे! त्या ठकठकीच्या ठेक्यावर मनातल्या मनात गात होतो."

"तुम्ही? आणि गाता?"

"लग्नाआधी गायचो."

मेंदूची घडीन् घडी त्या फोटोत दिसली होती, पण गाणं काही दिसलं नव्हतं. ते विचारल्यावरच कळलं.

रिक्षात मी हट्टच धरला. बाबांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि गायला लागले. रिक्षावाल्याने आपला रेडिओ बंद केला.